थोरलीचा गोल

खोली भाड्याने देताना मावशी ओळखपत्र मागायची नाही, लग्न झालंय का हेही विचारायची नाही. ती पाणी द्यायची. स्टीलचा तांब्या भरून आणायची, दोन्ही हातांनी समोर धरायची आणि बघत राहायची. कोपरापासून मनगटापर्यंत हात लाल चट्ट्यांनी भरलेले, त्यांवर पांढऱ्या खपल्या, नखं जाड आणि पिवळी पडलेली. जो पाणी प्यायला त्याला खोली. जो "आत्ताच पिऊन आलो" म्हणाला त्याला ती हातानेच रस्ता दाखवायची. नवीन जालन्यात, स्टेशनकडच्या आमच्या त्या गल्लीत, आत्ताच पिऊन आलेली माणसं फार होती.

मी तेव्हा वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. करून वर्षभर घरी बसलो होतो आणि शेवटी एका प्रकल्पात क्षेत्र सहायक म्हणून लागलो होतो. सोरायसिस काही घरांत पिढ्यानपिढ्या का उतरतो, त्यामागे कोणती जनुकं आहेत, हे शोधणारा तो प्रकल्प. माझं काम गावोगाव फिरायचं. एकाच घरात दोन-तीन पिढ्यांत हा आजार दिसला की त्या घरची वंशावळ काढायची आणि शिबिराच्या दिवशी सगळ्यांचं रक्त जमा करून पाठवायचं. 'हा आजार शिवल्याने होत नाही' हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा बोलत असे. आणि तो तांब्या माझ्यासमोर आला तेव्हा मीच आधी तिच्या नखांकडे बघितलं.

प्यायलो मी. पण त्याआधी जो क्षण गेला त्याची मला अजून लाज वाटते, कारण मावशीने तो बरोबर टिपला होता.

"शिकलेला हायेस, म्हनून येवढा येळ लागला," ती म्हणाली. "अडाणी मानूस एक तर जल्दी पितो, न्हाई तर जल्दी पळतो. घे, ही किल्ली."

माझं काम काय ते कळल्यावर तिने माझं नाव 'रक्तवाल्या' ठेवलं. गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात ती मला जेवायला हाक मारायची, "ए रक्तवाल्या, भाकर झाली!" नवीन माणूस दचकून वर बघायचा.

रोज भर दुपारी ती ओट्यावर यायची. हातापायांना खोबरेल तेल चोळायची, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून घ्यायची, पाय पसरायची आणि गल्लीकडे तोंड करून उन्हात बसायची. ऊन या चट्ट्यांना बरं पडतं हे तिला कुठल्याही डॉक्टरच्या आधी ठाऊक होतं. मागच्या अंगणात भरपूर ऊन होतं, तिथे का बसत नाही म्हणून मी एकदा विचारलं. "मागं बसायला मी काय चोरी केली?" एवढंच उत्तर मिळालं. उठताना खाली पडलेल्या खपल्या ती स्वतः झाडून घ्यायची. "माझा कोंडा, मीच झाडनार. दुसऱ्याला कामून त्रास?"

बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसत नसे. त्याचं तिला कौतुकच. म्हणायची, "आमदाराला बी दोन शिटा देत न्हाईत." एका रिक्षावाल्याने तिला कडेला, अंग चोरून बसायला सांगितलं तर ती खाली उतरली आणि थेट त्याच्या बाजूला, पुढे जाऊन बसली. "चिकटायला मी काय डिंक हाये?" असं म्हणत तिने त्याला घरापर्यंत आणलं. त्यानंतर तो रिक्षावाला तिचा कायमचा झाला, हे मात्र खरं.

अशा बाईशी भांडणं सोपं नव्हतं आणि तिची कीव करणं तर अशक्यच होतं. मी एकदा, मोठ्या माणसाच्या थाटात, "मावशी, तुम्ही फार सोसलंत," असं म्हणालो. तिने मला भांडी घासायला लावली.

पण सोसलं होतंच. ते तिने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, तेही दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसं. घराणं मेंढपाळाचं. सोळाव्या वर्षी अंबडकडे दिली. वर्षाच्या आत कोपरांवर, मग डोक्यात चट्टे उठले. सासरच्यांनी जीपमध्ये घालून माहेरी आणली आणि गावाच्या वेशीवर उतरवून दिली. ती जीप घरापर्यंतसुद्धा आली नाही. तेव्हा भाऊ लग्नाचे व्हायचे होते. तिची पथारी घरातून निघून मेंढवाड्याच्या छपराखाली गेली. तिच्या पाठच्या भावाला मुलगी द्यायला पाहुणे येणार होते, त्या दिवशी तिला सकाळीच मेंढरं घेऊन रानात पाठवलं. ती गेली. दिवस मावळायच्या आत परत आली, मेंढरं मोजून वाड्यात घातली, दाराला कुडाचा झाप लावला आणि तिथूनच जालन्याची बस धरली.

"येक बी मेंढरू कमी नव्हतं," हे ती दर वेळी सांगायची. कथेतला महत्त्वाचा भाग तिच्या मते तेवढाच होता.

जालन्यात तिला बियाणं कंपनीच्या प्लॉटवर काम मिळालं. कापसाचं संकरित बियाणं करायचं म्हणजे उद्या उमलणारी कळी आज दुपारी सोलायची, तिच्यातले नराचे केसर काढून टाकायचे, खूण म्हणून लाल कागद लावायचा आणि दुसऱ्या सकाळी दुसऱ्या जातीचं नर फूल आणून तिच्यावर घासायचं. बाकीच्या बाया तिच्या ओळीत उभ्या राहायला तयार नसत, म्हणून तिला स्वतंत्र ओळ मिळाली. एकटीच्या ओळीत गप्पा नाहीत, त्यामुळे तिचं काम सगळ्यांच्या आधी उरके. होता होता ती त्या सगळ्या बायांवर सुपरवायझर झाली. मी जनुकांबद्दल काही समजावू लागलो की तिला ते निम्मं आधीच कळलेलं असायचं.

"पीक बिघडलं की बियाणं बघावं, मंग जमिनीला शिव्या द्याव्यात," ती म्हणायची. "तुझे सायेब तेच करून राह्यले ना?"

"तेच. पण हे एका जनुकाचं काम नाही मावशी. पुष्कळ आहेत. थोडं आईकडून येतं, थोडं बापाकडून, आणि काहींच्यात असूनही कधीच दिसत नाही."

"म्हंजी पाप कुनाचंच न्हाई?"

"नाही."

"हे लिवून मिळंल का?"

मी हसलो. ती हसली नव्हती.

आता माझी चूक सांगतो. तीर्थपुरीच्या पुढच्या एका गावात मला हवं तसं घर मिळालं. वारलेल्या बापाला आजार, तीन भावांपैकी मधल्याला आजार, थोरल्याच्या मुलीला आजार. तीन पिढ्यांत ओळीने दिसणारा. आमचे साहेब असल्या घरासाठी वाट बघत असत. थोरला भाऊ गावात वजनदार माणूस, बोलायला चतुर. मी विचारलं, "तुम्ही भावंडं किती?" तो म्हणाला, "तिघं. मी थोरला." मी लिहिलं, तीन. या जिल्ह्यात जन्मलो, वाढलो, माझ्या घरीही आजोबा भावंडं मोजताना दिल्या घरच्या बहिणी मोजत नाहीत, तरी 'बहिणी किती' हा प्रश्न मी निराळा विचारला नाही.

घरी येऊन मी ओट्यावर तक्ता पसरला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार असला की आत काळं भरायचं. मावशी उन्हात बसल्या बसल्या बघत होती. जोडाक्षरं सोडली तर तिला वाचता यायचं. कच्च्या कागदावर मी नावं लिहिलेली होती आणि ती कुणालाही दाखवायची नाहीत असा नियम होता. मी हात धुवायला आत गेलो, एवढ्यात तिने कागद वाचला.

बाहेर आलो तर तिचं बोट पहिल्या चौकोनावर होतं.

"ह्याला थोरला म्हनून कुनी लिवलं?"

"त्यांनीच सांगितलं. मावशी, तो कागद द्या."

"हा थोरला न्हाई. ह्याच्या आधी येक गोल हाये." तिचा आवाज मी तोवर कधी इतका खाली गेलेला ऐकला नव्हता. "बियाण्याच्या प्लॉटात मादीची ओळ आधी मोजतेत रे. काढ तो गोल. काळा भर."

मी बघतच राहिलो. मग मला वेशीवर थांबलेली ती जीप आठवली आणि कळलं, तो गोल म्हणजे मावशीच. कागद परत मागायचं मी सोडून दिलं. ती मात्र थांबली नाही. "बापाच्या अंगावर व्हतं तवा लोक त्याला उष्णता म्हनायचे, ताक पाजायचे. माझ्या अंगावर आलं तवा ते पाप झालं. मधल्याच्या अंगावर हाये तरी त्याचं लगन झालं, लेकरं झाली. मीच येकटी कशी काय पुसली गेले?"

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, तसं असेल तर तक्ता चुकला आहे, आणि चुकलेला तक्ता धरून पुढे सगळंच चुकेल. भावंडांनी नातं मान्य करायला हवं. नाही केलं तर हे घर सोडून द्या.

म्हणजे आता दोनच वाटा उरल्या. एक तर तो गोल लागणार, नाही तर ते घरच आमच्या कामातून जाणार. मावशीला मी हे सांगितलं. तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "बराबर हाये. बिन मादीचं बियाणं कुनी घेत न्हाई."

मी दुसऱ्या दिवशी गावी गेलो. थोरल्याने चहा सांगितला. विषय काढल्यावर त्याने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "ती आमच्यासाठी मेली. साहेब, पोरीचं लगन जमून राह्यलंय. पोरीचंच कसंबसं झाकून राह्यलो, त्यात ही कुठून काढली? तिचं नाव घातलं तर आमचं कुनाचंच रक्त मिळनार न्हाई." दाराआड पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातलेली, एकोणीस-वीस वर्षांची मुलगी उभी होती. ती ऐकत होती हे त्याला माहीत नव्हतं, मला होतं.

परत येऊन मी मावशीला म्हणालो, राहू द्या, शिबिराला येऊ नका. तिने विचारलं, शिबिर सगळ्यांसाठी आहे का? म्हटलं, आहे. "मंग मला कामून न्हाई?"

शिबिर गावच्या शाळेत होतं. त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाई, एक नर्स आणि मी. मावशी येणार नाही या भरवशावर तिघे भाऊ बायका-पोरांसह आलेले, गावातले आणखी पाच-पन्नास लोक फुकटच्या तपासणीला. अकराच्या सुमारास फाटकाशी रिक्षा थांबली. मावशी पुढच्या सीटवरून उतरली. आखूड बाह्यांचं पोलकं, तेल लावलेले उघडे हात, हातात तांब्या. एवढ्या वर्षांनी ती या गावात पाऊल ठेवत होती, आणि चालत आली ती मधोमध, ओळखीच्या गल्लीतून आल्यासारखी.  

ती सरळ नर्सच्या टेबलासमोर बसली. नर्सने नाव विचारलं, तिने सांगितलं. वडिलांचं नाव विचारलं, तिने तेही सांगितलं, जरा मोठ्याने. 

थोरला उठला. "हिचा आमचा काही संबंध न्हाई."

"न्हाई ना?" मावशी वळलीसुद्धा नाही. "मंग रक्त घेतील त्यात दिसंल. घाबरतो कामून?"

"कामून आलीस? पोरीचं वाटोळं करायला?"

आता ती उठली. "तुला बघायला पाहुणे येनार व्हते तवा मी मेंढरं राखली. तुझं लगन झालं. पोरीला बघायला पाहुणे येतील, तवा तिला कुठं पाठवनार? आता तर वाड्यात मेंढरं बी न्हाईत." तिने तांब्या पुढे केला. "घसा सुकलाय तुझा. पानी पी आन् सांग समद्यांना, मी कोन हाये."

थोरल्याने हात पुढे केला नाही. सगळं गाव त्या तांब्याकडे बघत होतं. तो तसाच हवेत राहिला आणि मला वाटलं, झालं, हरलो आपण. मावशीचा हात मात्र जरासुद्धा खाली आला नाही.

थोरल्याची मुलगी मागून पुढे आली. बापाकडे न बघता तिने तांब्या घेतला आणि उभ्या उभ्या, घटाघटा, सगळा रिकामा केला. थोडं पाणी तिच्या कुर्त्यावर सांडलं. तोंड पुसून तिने तांब्या परत दिला. 

मग कोपऱ्यातून मधला भाऊ बोलला. तो आख्ख्या शिबिरात अंग मिटून बसलेला होता. सगळ्यांसमोर त्याने सदऱ्याची बाही वर केली. तेच चट्टे, त्याच जागी. "लिवा बाई," तो नर्सला म्हणाला, "थोरली बहीण. चौघं भावंडं हावोत आमी."

त्याच्या मागून धाकटा बाही सारत उठला. थोरला बाहेर गेला, लिंबाखाली उभा राहिला, अर्ध्या तासाने आत आला आणि कुणाकडे न बघता टेबलावर हात ठेवला. माफी वगैरे कुणी मागितली नाही. एवढंच झालं की मला सगळ्या बाटल्यांवर आधीच लावून ठेवलेल्या चिठ्ठ्या काढून नव्या लावाव्या लागल्या, कारण दुसऱ्या पिढीतला पहिला क्रमांक आता मावशीचा होता आणि बाकीचे एकेकाने मागे गेले होते. मावशी शेजारी उभी राहून ते बघत होती. "सरक जरा," ती थोरल्याला म्हणाली. "येक नंबर सरक."

मुलीचं जमलेलं लग्न मोडलं. हे सांगितलंच पाहिजे, नाही तर मीही भावंडं मोजताना गाळणाऱ्यांतलाच ठरेन. पाहुण्यांपर्यंत बातमी दोन दिवसांत गेली. थोरल्याने फोनवर मला शिव्या दिल्या आणि मी त्या ऐकून घेतल्या, कारण त्यातल्या काही माझ्या हक्काच्या होत्या. मावशीला सांगितलं तर ती दुपारभर ओट्यावर आली नाही. दुसऱ्या दिवशी आली. म्हणाली, "वेशीवर उतरवनारी जीप दाराशी यायच्या आधीच वळली. वाईट काय झालं?" पण नेहमीचा ठसका त्या बोलण्यात नव्हता.

प्रकल्प संपला, मी दुसरीकडे नोकरीला लागलो. पुढे एकदा साहेबांनी प्रकल्पाचा छापलेला शोधनिबंध पाठवला. त्यात काही घरांचे तक्ते होते आणि त्यांत ते घरही होतं. वर काळा चौकोन. खाली दुसऱ्या ओळीत सगळ्यांत आधी एक काळा गोल, मग तीन चौकोन, त्यांतला मधला काळा. मी त्या पानाची प्रत घेऊन जालन्याला गेलो.

मावशीने चष्मा लावला. गोलावर बोट ठेवलं. "सापडलं का मंग?"

"पूर्ण नाही. दोन-तीन जागांवर संशय आहे. अजून पुष्कळ घरं लागतील."

"लागू द्या. मी काय कुठं जाती?" मग तिने पान उलटसुलट करून पाहिलं. "नावं कुठं हायेत?"

"नावं छापत नाहीत. नियम आहे. नुसते क्रमांक."

मला वाटलं, आता ही चिडणार. इतकं भांडून तक्त्यात आली आणि तिथे नाव नाही. ती तिसऱ्या ओळीकडे बघत होती. तिन्ही भावांची मिळून सात मुलं, सात बिननावी चिन्हं, त्यांत एक काळा गोल.

"बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा," ती म्हणाली. "सात बारशी झाली. मी सातही बाऱ्या प्लॉटात कळ्या सोलत व्हते. दे ती पेन्सिल."

त्या दुपारी ओट्यावर, हातापायांना तेल लावून, तिने सात नावं ठेवली. प्रत्येक नावाआधी ती जरा वेळ डोळे मिटायची, ओठ हलायचे, मग ते चौकोनाच्या किंवा गोलाच्या खाली, जोडाक्षर टाळून, लिहायची. थोरल्याच्या मुलीच्या काळ्या गोलापाशी सगळ्यांत जास्त वेळ लागला. काय नाव ठेवलं ते मी इथे सांगत नाही. नियम आहेच, शिवाय ते सांगायचा हक्क माझा नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी त्या गल्लीतून गेलो. भर दुपार होती. ओट्यावर मावशी पाय पसरून बसलेली, थकलेली, केस सगळे पिकलेले. वरच्या, माझ्या जुन्या खोलीचं दार उघडं होतं. भाची, थोरल्याची ती मुलगी, आता जालन्यात नर्सिंग शिकत होती आणि तिथेच राहत होती. समोरच्या दुकानात उभे दोघे-तिघे बघत होते, आणि मावशी त्यांना नीट दिसावं म्हणून हात थोडे पुढे करून बसली होती.

तिने मान वर करून हाक मारली. घरच्यांनी ठेवलेल्या नावाने नव्हे, पेन्सिलीने लिहिलेल्या नावाने.

"आले, आत्या," वरून उत्तर आलं. आणि ती जिन्याने उतरली, आखूड बाह्यांत, तेलाची बाटली घेऊन, आणि गल्लीकडे तोंड करून शेजारी बसली.